भाऊ, वावर गहाण टाकू नको, अन् पोट्ट्याचा बॉलही काढून घेऊ नको

आर्वी तालुक्यातून एका मोठ्या भावाचं पत्र आलं आहे. नाव-गाव देत नाही, बाकी पत्र थोडं कमी करून जवळजवळ जसंच्या तसं:

"सर नमस्कार. माझं वय 28. बाबा कोविडमध्ये गेले तेव्हापासून घर माझ्याच अंगावर आहे. आई, बायको, एक लेकरू अन् लहान भाऊ. पाच एकर वावर, तीन एकरात कपाशी-तूर, दोन एकरात सोयाबीन. लहान भाऊ बारावीला आहे, 18 पूर्ण व्हायला अजून 11 महिने. फुटबॉल खेळते, मिडफिल्डर आहे, म्हणजे मैदानाच्या मधल्या पट्ट्यात खेळते, दोनदा विभागापर्यंत जाऊन आला. मागच्या महिन्यात नागपूरच्या एका टूर्नामेंटमध्ये एक माणूस भेटला, म्हणे पोर्तुगालला दोन क्लबात ट्रायल लावून देतो, तीन मॅच गॅरंटी, व्हिसा, राहणं, खाणं सगळं धरून 6 लाख 80 हजार. त्यातले 2 लाख पंधरा दिवसांत भरा नाहीतर सीट दुसऱ्याला जाईल. मी दोन एकर गहाण ठेवायची बोलणी करून आलो, पण रात्री झोप लागत नाही. आई म्हणते बाबा असते तर पाठवलं असतं. बायको काहीच बोलत नाही. मी 'जरा थांब' म्हटलं तेव्हापासून भाऊ जेवताना मान वर करत नाही. परवा म्हणाला, 'दादा, तुले वाटते मी बी गावातच सडावं.' सर, मी चुकून राहिलो का? त्याचा चार मिनिटांचा व्हिडिओ अन् त्या माणसाचं लेटर सोबत पाठवतो."

भाऊ, तू माझ्या मुलापेक्षा लहान आहेस म्हणून तू म्हणतो, राग मानू नको.

आधी उत्तर देतो अन् मग बाकीचं बोलतो, कारण पंधरा दिवसांची घाई तुझ्या डोक्यावर आहे अन् पत्र माझ्यापर्यंत येता येता त्यातले सहा गेले पण. पैसे भरू नको. दोन लाख नाही, पन्नास हजार नाही, "निदान टोकन तरी टाका" म्हणाला तर ते पण नाही. गहाणाची बोलणी झाली आहे तर उद्या सकाळीच जाऊन नाही म्हणून सांगून ये, कागद झालेला नाही तोवर शब्द मागे घ्यायला लाज वाटायचं काही कारण नाही.

अन् हे मी तुझा भाऊ कमी पडतो म्हणून नाही सांगून राहिलो. त्याच्या खेळावर येतोच पुढे. कारण एवढंच की तो 18 चा नाही. फिफाचा खेळाडूंच्या ट्रान्सफरचा नियम आहे, त्यातलं कलम 19, की 18 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात नोंदणी होत नाही. अपवाद मोजके आहेत: आईबाप फुटबॉल सोडून दुसऱ्याच कामासाठी तिकडे राहायला गेले, किंवा युरोपियन युनियनच्या आतल्या आत 16 च्या वरचं पोरगं, किंवा सीमेला लागून घर आहे, असे. आर्वी तालुक्यातलं पोरगं यातल्या कशात बसते सांग. म्हणजे त्या माणसाने खरंच नेलं, खरंच एखाद्या क्लबाच्या कोचसमोर उभं केलं अन् कोचला तो आवडला, तरी तो क्लब त्याला अधिकृत मॅच खेळवू शकत नाही, कॉन्ट्रॅक्टची गोष्ट तर दूरच. अन् हे त्या माणसाला माहीत नसेल असं मला वाटत नाही, जन्मतारीख तर तुम्ही फॉर्मवर लिहून दिली आहे.

हा नियम कागदावरचा नाही. जपानचा ताकेफुसा कुबो घे, आज स्पेनमध्ये रियाल सोसिएदादकडून खेळतो, तोही मिडफिल्डमध्ये, पुढच्या बाजूला. लहानपणी 2011 मध्ये बार्सिलोनाच्या अकॅडमीत गेला होता. एवढा मोठा क्लब, पण परदेशातल्या अल्पवयीन पोरांच्या नोंदणीत नियम मोडले म्हणून फिफाने बार्सिलोनावर बंदी घातली अन् कुबोला मॅचच खेळता येईना, शेवटी 2015 मध्ये पोरगं जपानला घरी परत आलं. तिथल्याच क्लबात खेळत राहिला अन् 2019 मध्ये 18 पूर्ण झाल्याबरोबर परत स्पेनला गेला, तो थेट रियाल माद्रिदने साइन करून. बार्सिलोनाला जे जमलं नाही ते नागपूरच्या मैदानावर भेटलेला माणूस तुमच्या पोट्ट्यासाठी करून देणार आहे का? भावाला ही कुबोची गोष्ट नक्की सांग, त्यात परत येणं आहे अन् परत जाणं पण आहे.

आता ते लेटर. मी चष्मा लावून दोनदा वाचलं. वर क्लबाचा लोगो आहे, तो कोणी पण इंटरनेटवरून उचलून लावू शकतो. खाली ईमेल आहे तो फुकटवाला जीमेलचा, क्लबाच्या नावाचा नाही. सही आहे ती चित्र चिकटवल्यासारखी, तिच्या भोवती पांढरा चौकोन दिसून राहिला. मुलाच्या नावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन प्रकारचं. मॅच कोणाविरुद्ध, कोणत्या वयोगटाची, तारीख काय, काहीच नाही. पण "फी नॉन रिफंडेबल" हे मात्र ठळक अक्षरात. अन् सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे "गॅरंटी". ट्रायलची गॅरंटी कोणता क्लब देते रे बाप्पा, कोचला ज्याची गरज आहे त्यालाच तो बोलावतो.

व्हिसाचं पण समजून घे. पोर्तुगालसाठी जो थोड्या दिवसांचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) मिळतो त्याची सरकारी फी मोठ्या माणसाला 90 युरो आहे, अन् त्यावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. त्या व्हिसावर पगार घेऊन खेळता येत नाही. विमानाचं जाऊन-येऊन तिकीट तू स्वतःच मोबाईलवर बघ, मग 6 लाख 80 हजारातून दोन्ही वजा कर अन् उरलेले कशाचे आहेत ते त्या माणसाला विचार. लेखी विचार, व्हॉट्सअ‍ॅपवर, फोनवर नको.

अजून एक तपासायची गोष्ट आहे. ऑक्टोबर 2023 पासून फिफाच्या परीक्षेत पास होऊन लायसन्स मिळालेल्यालाच फुटबॉल एजंट म्हणून काम करता येतं, अन् लायसन्सवाल्यांची नावं फिफाच्या वेबसाइटवर शोधता येतात. पोरगं अल्पवयीन असलं तर बोलणी करायच्या आधी पालकांची लेखी संमती लागते. तुझ्याकडून कोणी संमती घेतली का? तू तर पत्रात लिहितोस की तो आधी मैदानावर भावाशीच बोलला अन् तुला नंतर फोन आला. लायसन्स नंबर माग. "आपलं डायरेक्ट क्लबशी कनेक्शन आहे, लायसन्सची गरज नाही" असं उत्तर आलं तर पुढे बोलायचंच नाही.

मी एवढा चिडून काऊन लिहून राहिलो ते सांगतो. मी 31 वर्षं पीटी शिकवली, वर्धा जिल्ह्यातच. 2012 मध्ये माझ्याच हाताखालचा एक पोट्टा, लेफ्ट विंगर, वाऱ्यासारखा पळायचा, असाच एका माणसाने युरोपात नेतो म्हणून सांगितलं अन् त्याच्या बापाने दोन एकर गहाण टाकून पैसे भरले. शिफारसपत्र मागायला आले तेव्हा मी आनंदाने लिहून दिलं, शाळेचा शिक्का मारला, पेढे पण खाल्ले. तिकडे पोहोचल्यावर गावाबाहेरच्या एका टर्फवर पाच-सहा देशांची बारा-पंधरा पोरं, सगळी अशीच पैसे भरून आलेली, सकाळ-संध्याकाळ एकमेकांतच खेळायची अन् बाजूला कोणत्याच क्लबाचा माणूस नसायचा. एका खोलीत सहा जण. एकविसाव्या दिवशी परत. नागपूरच्या विमानतळावर त्याला आणायला मी गेलो होतो, घरच्यांना तोंड दाखवायची त्याची हिंमत होत नव्हती म्हणून आधी माझ्याकडे दोन दिवस राहिला. कपड्यांची बॅग तशीच होती, बूट मात्र तिकडेच ठेवून आला होता. त्यानंतर तो खेळला नाही. वावर सोडवायला बापाला सात वर्षं लागली अन् त्या शिफारसपत्रावरची सही माझी आहे, ती काही मला विसरता येत नाही.

तर पैशाबद्दल एकच खूण लक्षात ठेव, व्यावसायिक क्लब खेळाडूला पैसे देते, घेत नाही. फी घेऊन शिकवणाऱ्या अकॅडम्या आहेत तिकडे, काही चांगल्या पण आहेत, ज्याच्याकडे पैसा आहे त्याने पोराला जरूर पाठवावं, शिकून येईल. पण ती शिकवणी झाली, करियर नाही, अन् शिकवणीसाठी वावर गहाण टाकत नाहीत.

आपले लोक बाहेर गेले ते कसे गेले ते बघ. बायचुंग भूतिया 1999 मध्ये इंग्लंडच्या 'बरी' नावाच्या क्लबात गेला तेव्हा भारतात त्याचं नाव झालेलं होतं. सुनील छेत्री 2010 मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीला गेला, 2012 मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंगला. गुरप्रीत सिंग संधू 2014 मध्ये नॉर्वेच्या स्टाबेकला गेला अन् 2016 मध्ये युरोपा लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या दोन नंबरच्या स्पर्धेची, मॅच खेळणारा पहिला भारतीय झाला. बाला देवी 2020 मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सला. अन् मनीषा कल्याण, ती पंजाबातल्या होशियारपूर जिल्ह्यातल्या गावची पोरगी, गोकुलम केरळकडून खेळली, नोव्हेंबर 2021 मध्ये भारताकडून ब्राझीलविरुद्ध गोल मारला, 2022 मध्ये सायप्रसच्या अपोलोनने तिला घेतलं अन् ती महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, खेळणारी पहिली भारतीय ठरली. ही सगळी माणसं आधी इथं खेळून दाखवून गेली, अन् सगळी 18 च्या वरची.

अन् गेल्यावर पण सोपं नसते, हे भावाला लपवू नको. छेत्रीसारखा छेत्री, स्पोर्टिंगच्या बी टीमकडून तीनच मॅच खेळायला मिळाल्या अन् परत आला. त्याआधी 2009 मध्ये इंग्लंडच्या क्यूपीआर क्लबाशी करार झाला होता, पण भारत फिफा रँकिंगमध्ये पहिल्या 70 मध्ये नाही म्हणून वर्क परमिटच मिळालं नाही. संदेश झिंगन 2021 मध्ये क्रोएशियाच्या शिबेनिकला गेला, दुखापत झाली अन् एकही मॅच न खेळता परत यावं लागलं. देशाचं रँकिंग, व्हिसा, परदेशी खेळाडूंचा कोटा, गुडघा, यातलं बरंच काही पोराच्या हातात नसते. ज्याच्यामागे घर गहाण नाही तो अशा वेळी परत येऊन पुन्हा उभा राहू शकतो. झिंगन राहिला, छेत्री तर किती वर्षं राहिला.

आता तुझ्या भावाची बाजू घेतो, कारण तो पूर्ण चुकीचा नाही. "इंडियात काही होत नाही" असं तो म्हणत असेल तर 2025 मध्ये आपण सगळ्यांनी पाहिलंच आहे, जुलैमध्ये आयएसएलचा, म्हणजे आपल्या वरच्या लीगचा, सीझनच थांबवून ठेवला, काही क्लबांनी खेळाडूंचे पगार रोखले, भारताकडून खेळलेली पोरं घरी बसून होती. अशा वेळी 17 वर्षांच्या पोट्ट्याला बाहेर जावंसं वाटलं तर त्यात चूक काय आहे. बाहेर जायचं स्वप्न राहू दे. दार चुकलं आहे अन् वेळ चुकली आहे, एवढंच त्याला सांगायचं आहे. अन् बाहेर म्हणजे सरळ युरोपच असंही नाही, भूतिया इंग्लंडनंतर मलेशियात पण खेळला. दक्षिण कोरियाचा पार्क जी-सुंग आधी शेजारच्या जपानमध्ये क्योटोला गेला, 2003 मध्ये नेदरलँड्सच्या पीएसव्हीला, तिथं सुरुवातीला घरच्याच प्रेक्षकांनी त्याला हूटिंग केलं, तरी टिकला अन् 2005 मध्ये मँचेस्टर युनायटेड. एकेक पायरी करत गेला तो.

आता व्हिडिओ. हा मी चार वेळा पाहिला अन् एवढ्यासाठीच तुला लांब पत्र लिहून राहिलो.

चार मिनिटांत तीन मिनिटं गाणं, गोल, ड्रिबल, स्लो मोशन. हे बहुतेक त्या माणसानेच करायला सांगितलं असेल. यातून मिडफिल्डर कळत नाही. स्ट्रायकरचे पाच गोल दाखवले की काहीतरी समजते, मिडफिल्डरचं काम मात्र बॉल पायात नसतानाच जास्त असते, नव्वद मिनिटांत दहा-बारा किलोमीटर पळणं, अन् त्यातलं किती बरोबर जागी. पण दोन मिनिट दहा सेकंदाला चुकून एक गोष्ट राहून गेली आहे. तुमचा स्टॉपर, म्हणजे मागे मधोमध खेळणारा डिफेंडर, त्याला पास देणार असतो. बॉल निघायच्या आधी तुझा भाऊ उजव्या खांद्यावरून एकदा मागे बघतो, बॉल निघाल्यावर पुन्हा एकदा बघतो. मग डाव्या पायाच्या आतल्या बाजूने बॉल घेतानाच तो अंग वळवतो अन् मागून धावत आलेला पोट्टा रिकाम्या जागेतून निघून जातो. पुढे काय, तर राइट बॅकला सात-आठ मीटरचा साधा पास. टाळ्या नाहीत, काही नाही, एडिट करणाऱ्याने तिथंच कापून टाकलं. पण भाऊ, ते दोनदा मागे बघणं मी 31 वर्षं पोरांना ओरडून ओरडून शिकवलं अन् शंभरातल्या पाचांनाही अंगी लागलं नाही. तुझ्या भावाला ते कोणी शिकवलं माहीत नाही, पण त्याच्यात आहे.

आणि तीन मिनिट पाच सेकंदाला उलटं. बॉल गमावला अन् तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला, चार सेकंद. त्याच बाजूने अटॅक गेला. बाहेरचा कोणताही कोच ते चार सेकंद बघेल अन् त्याच्या नावावर फुली मारेल. हे त्याला माझ्या नावाने सांग, रागावून नको सांगू.

मॉड्रिचचं नाव त्याच्या खोलीत भिंतीवर असेलच. क्रोएशियात झादरचा, युद्धात आजोबा मारले गेले, घर सोडून निर्वासित म्हणून हॉटेलात राहावं लागलं, त्याच हॉटेलच्या पार्किंगमध्ये बॉल खेळायचा. अंगाने बारीक म्हणून एका मोठ्या क्लबाने नाही म्हटलं. दिनामो झाग्रेबने घेतलं तर 18 व्या वर्षी त्याला बोस्नियात मोस्टारच्या क्लबाला लोनवर, म्हणजे उसना, पाठवून दिलं, खडतर मैदानं, दांडगट खेळ. पूर्ण सीझन खेळला तिथं. टोटनहॅमला गेला तेव्हा 22 वर्षांचा होता, 2008 मध्ये. 2012 मध्ये रियाल माद्रिदला आला तर स्पेनच्या एका पेपरच्या वाचकांनी त्याला सीझनची सगळ्यात वाईट खरेदी ठरवलं, अन् पुढे त्याच क्लबात तेरा सीझन, सहा चॅम्पियन्स लीग, 2018 चा बॅलन डी'ओर, म्हणजे जगातल्या सगळ्यात भारी खेळाडूचा पुरस्कार. मिडफिल्डर उशिरा पिकते भाऊ. खेळ समजायलाच मॅचेस लागतात, शेकड्याने लागतात, अन् तुझ्या भावाला या 11 महिन्यांत पोर्तुगालपेक्षा मॅचेसची गरज आहे.

त्या कुठं मिळतील? गावात नाही. नागपूर. आधी नागपूर जिल्हा फुटबॉल असोसिएशनशी संलग्न असलेल्या एखाद्या क्लबात घाल, कामठीत जाऊन विचार, तिथं घराघरात फुटबॉल आहे, चहाच्या टपरीवरचा माणूस पण सांगेल कोणता कोच पोरांना खेळवतो अन् कोण नुसता बसवतो. क्लबाला एकच गोष्ट ठासून विचारायची: एआयएफएफच्या, म्हणजे भारताच्या फुटबॉल फेडरेशनच्या, सीआरएसमध्ये नोंदणी करून देता का. ती ऑनलाइन नोंदणी म्हणजे त्याचा फुटबॉलमधला जन्मदाखला समज. उद्या खरंच परदेशी क्लबाने बोलावलं तर त्याचा इंटरनॅशनल ट्रान्सफर सर्टिफिकेट नावाचा कागद इथल्या फेडरेशनकडून जातो अन् कोणत्या वर्षी कोणत्या क्लबात होता ते सगळं त्यात बघितलं जाते.

इथं जरा वेगळं सांगतो, गावातल्या क्लबवाल्यांनी पण वाचावं. खेळाडू करार चालू असताना पैसे देऊन एका क्लबातून दुसऱ्या देशातल्या क्लबात विकला गेला तर त्या रकमेतले 5 टक्के, तो 12 ते 23 वर्षांचा असताना ज्या ज्या क्लबांनी त्याला घडवलं त्यांच्यात वाटले जातात. 12 ते 15 च्या प्रत्येक वर्षाला 0.25 टक्के, 16 ते 23 च्या प्रत्येक वर्षाला 0.5 टक्के. पण नोंदणी असेल तरच. आपल्याकडे पोरं नुसती "आमच्या मंडळाकडून खेळते" असतात, कागदावर कुठंच नसतात, त्यामुळे उद्या एखादा पोट्टा मोठा झाला तरी त्याच्या गावच्या क्लबाला बॉल घ्यायला रुपया येत नाही. हे मला फार लागते.

पुढची पायरी आयएसएल आणि खालच्या लीगमधल्या क्लबांच्या ज्युनियर टीम, त्यांच्या ट्रायल निघतात, तिथं फी मागितली तर तसंच मागे फिरायचं. रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग 2022 पासून सुरू आहे, तिच्यातून वर आलेल्या टीमची पोरं इंग्लंडला जाऊन तिकडच्या अकॅडमी टीमशी खेळून आली आहेत, घरचा पैसा न लावता. संतोष ट्रॉफी म्हणजे राज्या-राज्यांची स्पर्धा, तिच्यासाठी राज्याची निवड असते. हा रस्ता लांब आहे, अन् त्यात वशिल्याचे लोक पण भेटतील, खोटं कशाला सांगू. पण त्यात रस्ता चुकला तरी पोरगं आपल्याच राज्यात असते अन् वावर आपल्याच नावावर.

खर्च तरीही येईल. नागपूरला खोली, बस, बूट. आपल्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा अन् पावसाळ्यात चिखल, बॉल कसाही उडतो, तिकडे ओल्या गवतावर बॉल साबणासारखा सरकत येतो, म्हणून आठवड्यातून एक-दोनदा तरी टर्फवर, बॉल ओला करून, खेळायला पाहिजे, त्याचे पैसे लागतात. हा खर्च सोयाबीन निघाल्यावर बसून मांड, घरात सगळ्यांसमोर मांड. महिन्याला किती जमते तेवढंच. त्याला पण हिशोब दिसू दे, 17 वर्षांचा आहे, लहान नाही.

पासपोर्ट आताच काढून ठेवा, साधा 1500 रुपयांत होते, त्यासाठी कोणत्या एजंटची गरज नाही. इंग्रजी बोलायला शीक म्हण. मिडफिल्डर मुका असून चालत नाही, मागून माणूस आला, वळ, वेळ आहे, हे सगळं त्यालाच ओरडावं लागते, अन् तिकडे ते त्यांच्या भाषेत. जपानचा हासेबे 2008 मध्ये जर्मनीला गेला, तिथली भाषा शिकला अन् 40 व्या वर्षापर्यंत तिथंच खेळला. बारावी सोडायची नाही. पार्क जी-सुंग गुडघ्यामुळे 33 व्या वर्षी थांबला, अन् तो नशीबवानांपैकी होता. शिवाय महाराष्ट्रात सरकारी नोकरीत 5 टक्के खेळाडू आरक्षण आहे, त्यासाठी खेळाची प्रमाणपत्रं अन् त्यांची पडताळणी लागते, म्हणून विभागाची जी दोन आहेत ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या पेटीत ठेव.

18 झाल्यावर खरंच कोणी आलं तर? तेव्हा मला कळव, पण दोन गोष्टी आताच लिहून ठेव. एजंटशी करार दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करता येत नाही, पाच वर्षांचा कागद पुढे केला तर सही नाही. अन् क्लबाने दोन महिन्यांचे पगार थकवले तर लेखी नोटीस देऊन, किमान 15 दिवस वाट पाहून, खेळाडूला करार तोडता येतो. हे माहीत नसलं की पोरं परक्या देशात बिनपगारी सहा-सहा महिने काढतात.

राहिली घरातली गोष्ट. तू विचारलंस चुकून राहिलो का. थांब म्हटलंस ते बरोबर केलंस. पण "थांब" एवढंच म्हणून वावरात निघून गेलास, तिथं चुकलं. त्याला वाटलं दादाला मी नकोसा, दादाला पैसा प्यारा. त्याला घेऊन धुऱ्यावर बस, संध्याकाळी, आईसमोर नको, अन् कलम 19 पासून सगळं सांग. दोन मिनिट दहा सेकंदाचं आधी सांग, मग तीन मिनिट पाचचं. अन् त्या दोन एकराचं पण सांग, की तू बोलणी करून आला होतास. मला वाटते हे त्याला माहीत नाही. त्याच्यासाठी तू कुठपर्यंत जायला तयार होतास ते त्याला कळू दे.

आई म्हणते बाबांनी पाठवलं असतं. असेल. आईला उत्तर देत बसू नको, तिला फक्त सांग की 18 व्या वाढदिवसानंतर तिच्यासमोरच बसून पुन्हा ठरवू. अन् बायको काहीच बोलत नाही असं लिहून तू पुढच्या ओळीवर गेलास. तिला विचार ना. त्या वावरात तुझ्या लेकराचं पण आहे, अन् ती गप्प आहे म्हणजे तिची हरकत नाही असं धरून चालू नको.

मला पूर्ण मॅचचा व्हिडिओ पाठव. गाणं न लावता, न कापता, दोन्ही हाफ, मोबाईल कुठंतरी उंचावर धरून म्हणजे सगळं मैदान दिसलं पाहिजे, तो बॉलजवळ नसेल तेव्हाही तो दिसला पाहिजे. मी लिहून पाठवीन काय दिसलं ते. त्याआधी गहाणाचं नाही म्हणून सांगून आलास की त्याच दिवशी एक ओळ टाक, मी वाट बघून राहिलो.